राउटर फर्मवेअर : अपडेट आणि फसलेल्या अपडेटनंतरची पुनर्प्राप्ती

घरातल्या राउटरच्या फ्लॅश चिपमध्ये कायमस्वरूपी लिहिलेली, राउटर सुरू झाल्यापासून त्याचे सगळे कामकाज चालवणारी प्रणाली म्हणजे त्याचे फर्मवेअर. सुरक्षेतील त्रुटी बुजवण्यासाठी किंवा नव्या सोयी मिळवण्यासाठी ही प्रणाली अधूनमधून बदलावी लागते. या बदलाला फर्मवेअर अपडेट म्हणतात. जाणकारांच्या बोलीत ‘फ्लॅश मारणे’. हे काम मध्येच फसले तर राउटर सुरूच होत नाही. अशा राउटरला इंग्रजीच्या वळणावर ‘ब्रिक झाला’ म्हणतात, आणि मराठीतही गमतीने ‘वीट झाली’ असे ऐकू येते. प्रत्यक्षात यातले बहुतेक राउटर पुन्हा चालू करता येतात. ते का, हे फ्लॅशच्या रचनेवरून कळते.

फ्लॅशची रचना

साध्या राउटरची फ्लॅश चिप ८ किंवा १६ एमबीची, बोटाच्या नखाएवढी असते. तिचे विभाग पाडलेले असतात. सर्वांत आधी बूटलोडर : वीज आली की पहिल्यांदा चालणारा छोटा प्रोग्राम. त्यानंतर लिनक्स कर्नल (लिनक्स या खुल्या प्रणालीचा गाभा) व मूळ फाइल प्रणाली, मग वापरकर्त्याच्या सेटिंग्ज, आणि एका कोपऱ्यात कारखान्यात भरलेली रेडिओच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे त्याच यंत्रापुरत्या जुळणीची माहिती व मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक. नेहमीच्या अपडेटमध्ये कर्नल आणि फाइल प्रणालीचा भागच बदलला जातो. बूटलोडर आणि कॅलिब्रेशन यांना सहसा हात लागत नाही. त्यामुळे अपडेट फसले तरी दार उघडणारा बूटलोडर बहुधा जागेवर असतो. घर कोसळले आहे, पण उंबरठा शाबूत आहे.

अपडेट अर्धवट राहिल्यास नुकसान का होते, याचे कारण चिपच्या स्वभावात आहे. अशा राउटरांत असणाऱ्या नॉर प्रकारच्या फ्लॅशमध्ये लिहिताना १ चा ० करता येतो, ० चा १ करता येत नाही. त्यासाठी आधी अख्खा ठोकळा, बहुधा ६४ केबीचा, पुसून सगळे बिट १ करावे लागतात. म्हणजे जुने पुसल्याशिवाय नवे लिहिता येत नाही, आणि त्या मधल्या काळात वीज गेली तर जुनेही नाही आणि नवेही नाही. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. बहुतेक राउटर फाइल आधी पूर्ण रॅममध्ये घेतात, तपासतात आणि मगच फ्लॅशला हात लावतात. त्यामुळे फाइल चढत असताना ब्राउझर बंद पडला तर काहीच बिघडत नाही. धोका आहे तो पुढच्या काही मिनिटांचा.

अपडेट का करावे

चालू आहे त्याला कशाला हात लावा, हा युक्तिवाद राउटरच्या बाबतीत फसवा आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर बंद पडले. मिराय या मालवेअरच्या एका प्रकाराने ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे राउटरच्या बाहेरून उघड्या असलेल्या दारावर मारलेल्या धडकांमुळे ते कोलमडत होते. कंपनीने नवे फर्मवेअर तयार केले आणि ग्राहकांना राउटरचा प्लग काढून थोड्या वेळाने पुन्हा लावायला सांगितले. भारतात जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मॉडेमवर हल्ला झाला. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेली यंत्रे त्यात सापडली, आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. मे २०१८ मध्ये सिस्को कंपनीच्या टॅलॉस या सुरक्षा-संशोधन गटाने व्हीपीएनफिल्टर हा मालवेअर उघडकीस आणला. ५४ देशांतली किमान ५ लाख यंत्रे त्याच्या ताब्यात होती. राउटर बंद करून चालू केला तरी त्याचा पहिला टप्पा टिकून राहत होता. पूर्ण रिसेट आणि ताजे फर्मवेअर हाच उपाय होता.

पर्यायी, म्हणजे कंपनीऐवजी बाहेरच्या लोकांनी लिहिलेले फर्मवेअर हे अपडेटचे दुसरे कारण. २००२ च्या अखेरीस आलेल्या लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स आहे हे २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आले. लिनक्सच्या जीपीएल या खुल्या परवान्यामुळे कंपनीला स्रोतसंहिता खुली करावी लागली, आणि तिच्यावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे पर्यायी फर्मवेअर उभे राहिले. २००५ मध्ये कंपनीने फ्लॅश २ एमबीवर आणून त्या राउटरमधले लिनक्सच काढून टाकले, तेव्हा हौशी मंडळींसाठी तिला लिनक्सवाला ‘जीएल’ हा वेगळा राउटर विकावा लागला. कंपनीने सोडून दिलेल्या जुन्या राउटरना ओपनडब्ल्यूआरटी आजही आयुष्य देते. अपवाद अगदी लहान यंत्रांचा : ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असलेल्यांसाठी आता नवी आवृत्ती बनत नाही.

अपडेट करताना

फसलेल्या अपडेटमागे वीज जाण्यापेक्षा चुकीची फाइल हे कारण जास्त असावे, असे दुरुस्तीच्या कामावरून वाटते. एकाच नावाच्या राउटरचे पाच-सहा हार्डवेअर व्हर्जन असतात, आणि बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप असू शकतात. म्हणून राउटर पालथा करून खालच्या लेबलवरचे ‘व्ही ३’, ‘व्ही ५’ असे जे छापलेले असते ते आधी वाचायचे. देशानुसार आवृत्त्याही वेगळ्या असतात. युरोपची फाइल भारतातल्या राउटरवर चालेलच असे नाही. कंपनीने फाइलसोबत चेकसम, म्हणजे फाइल अखंड आहे का हे पडताळायचा आकडा दिला असेल तर तो जुळवून पाहावा. फाइल वायफायवरून न चढवता लॅन केबलने चढवावी. सेटिंग्जची प्रत काढून ठेवावी, आणि त्याआधी इंटरनेट कंपनीने जोडणीसाठी दिलेले पीपीपीओई नाव व पासवर्ड कागदावर लिहून घ्यावेत. रिसेटनंतर तेच हाताशी नसतात, आणि मग केबलवाल्याला फोन करून विचारत बसावे लागते.

विजेचा मुद्दा महाराष्ट्रात सोडून देण्यासारखा नाही. ज्या गावांत लोडशेडिंगचे वेळापत्रक पाठ असते तिथे अपडेट त्या वेळेआधी उरकावे, किंवा राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. १२ व्होल्टच्या राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएसही पुरतो. मधेच चार मिनिटे दिवे नुसते लुकलुकत राहिले तर प्लग ओढण्याचा मोह आवरावा. बरेच राउटर घाबरलेल्या हातांनीच मरतात.

पुनर्प्राप्तीच्या पायऱ्या

पॉवरचा दिवा लागतो, पण वायफाय दिसत नाही आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडत नाही, हे नेहमीचे लक्षण. संगणकाला हाताने त्याच पट्ट्यातला, म्हणजे पहिले तीन आकडे तेच असलेला आयपी पत्ता देऊन पिंग करून, म्हणजे राउटरला हाक मारून पाहावे. उत्तर आले तर बूटलोडर किंवा त्याहून जास्त काहीतरी जिवंत आहे. ओपनडब्ल्यूआरटी असेल तर ते फेलसेफमध्ये, म्हणजे साठवलेल्या सेटिंग्ज बाजूला ठेवून सुरू करता येते. तिथे चुकीची सेटिंग पुसली की काम होते. बऱ्याच ‘मेलेल्या’ राउटरांचा आजार एवढाच असतो.

पुढची पायरी टीएफटीपीची. १९८१ मध्ये प्रमाणित झालेला आणि ५१२ बाइटच्या तुकड्यांत फाइल पाठवणारा हा प्रोटोकॉल इतका साधा आहे की काही केबीच्या बूटलोडरमध्येही बसतो. म्हणूनच तो अजून टिकून आहे. कंपन्यांच्या रीती मात्र उलटसुलट. टीपी-लिंकच्या बऱ्याच जुन्या राउटरांत रिसेट दाबून वीज दिली की राउटर स्वतःच १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर संगणक शोधतो आणि ठरलेल्या नावाची फाइल मागतो. नावात एक अक्षर चुकले तरी तो हात हलवत बसतो. असूसमध्ये पॉवरचा दिवा संथ लुकलुकू लागला की राउटर रेस्क्यू मोडमध्ये आला, आणि मग फाइल संगणकाने ढकलायची. डी-लिंकच्या अनेक राउटरांत बूटलोडरच एक साधे पान दाखवतो आणि तिथे फाइल चढवता येते. हे सोपे असूनही अनेकांना माहीत नसते.

इथे अपयश येते ते बहुधा वेळेमुळे. बूटलोडर दोन-चार सेकंदच वाट पाहतो, आणि तेवढ्यात संगणकाचे लॅन पोर्ट जागेच झालेले नसते. जुना उपाय असा की राउटर आणि संगणक यांच्यामध्ये साधा स्वस्त स्विच ठेवायचा, म्हणजे संगणकाच्या बाजूची जोडणी कायम चालू राहते. विंडोजची फायरवॉलही टीएफटीपी अडवते. तेवढा वेळ ती बंद ठेवावी.

एवढ्यानेही जमले नाही तर राउटर उघडायचा. बोर्डावर बहुधा चार भोकांची एक रांग असते : ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी) आणि व्होल्टेज. सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपचा यूएसबी-सिरीयल ॲडॉप्टर जोडला की राउटर काय बोलतो ते पडद्यावर वाचता येते. वेग सहसा सेकंदाला ११५२०० बिट. टीएक्सला आरएक्स आणि आरएक्सला टीएक्स अशी उलट जोडणी करायची, व्होल्टेजची तार सोडून द्यायची, आणि ॲडॉप्टर ३.३ व्होल्टवर आहे याची खात्री करायची. ५ व्होल्टने चिप जळू शकते.

शेवटचा उपाय बूटलोडरच पुसला गेला असेल तेव्हाचा. फ्लॅश चिपला आठ पायांची क्लिप लावून सीएच३४१ए प्रोग्रामरने ती थेट लिहायची. हे साहित्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधायला जावे. पण लिहिण्याआधी चिपमधला सगळा मजकूर वाचून त्याची प्रत ठेवायची. त्या प्रतीतल्या कॅलिब्रेशनच्या काही केबी फक्त त्याच राउटरच्या असतात. दुसऱ्या राउटरची पूर्ण प्रत आणून जशीच्या तशी ओतली तर राउटर उठतो, पण त्याचा मॅक पत्ता दुसऱ्याचा असतो आणि वायफायची ताकद मूळच्यासारखी राहत नाही.

कंपनीने दिलेले राउटर

फायबरसोबत आलेल्या ओएनटी डब्यांचे (फायबरची तार जिथे येते त्या यंत्रांचे) फर्मवेअर कंपनी सहसा टीआर-०६९ सारख्या प्रोटोकॉलने दुरूनच बदलते, म्हणून तिथे ग्राहकाने फाइल शोधत बसू नये. बिघडला तर कंपनीने बदलून द्यावा. कंपनीने दिलेल्या राउटरांचे दुरून काय होऊ शकते, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसले. अमेरिकेतल्या एका इंटरनेट कंपनीचे ६ लाखांहून अधिक राउटर ७२ तासांत निकामी झाले. ल्यूमेन या दूरसंचार कंपनीच्या ब्लॅक लोटस लॅब्स या सुरक्षा-संशोधन गटाने मे २०२४ मध्ये त्यामागे चालूबो हे मालवेअर असल्याचे सांगितले. त्या डब्यांना टीएफटीपीने किंवा क्लिपने परत उठवण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. नवे डबे घरोघर पाठवावे लागले.