राणी हातात असताना

मे महिन्यात मालवणजवळच्या आमच्या घरी वीज गेली की पडवीत कंदील येतो आणि पत्त्यांचा कॅट निघतो. डावाला पैसे नाहीत, काजूच्या बिया. यंदा ठाण्याहून आलेला माझा नववीतला पुतण्या एक नवी विद्या शिकून आला होता. थाप मारणाऱ्याचे डोळे वर उजवीकडे जातात, असं त्याने मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. तीन पत्तीत तो सगळ्यांच्या तोंडांकडे टक लावून बसला आणि तासाभरात त्याच्या बिया संपल्या. माझे काका, तात्या, शेवटी म्हणाले, “मेल्या, तोंडाकडे काय बघतंस? पानां मोज.”

पोकर हा तीन पत्तीसारखाच पैजेचा पत्त्यांचा खेळ तात्यांनी कधी खेळलेला नाही. पण स्पर्धेच्या पोकरमध्ये समोरच्याची हूल, म्हणजे वाईट पानावर मारलेली थाप, कशी ओळखायची, या प्रश्नाचं विज्ञानाने दिलेलं उत्तर हेच आहे.

आधी डोळ्यांचं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा दावा तपासला. खोटं बोलणारे आणि खरं बोलणारे यांच्या नजरेच्या दिशेत त्यांना काहीही फरक आढळला नाही. त्याआधी २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी अशा कितीतरी प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले होते. त्यांत सुमारे २४ हजार माणसांनी समोरचा खरं बोलतोय की खोटं ते ओळखायचा प्रयत्न केला होता. सरासरी यश ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतात. २०१३ मध्ये मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी तर पोकरच्या मोठ्या स्पर्धेतल्या चित्रफितीच वापरल्या. फक्त चेहरा दाखवला तेव्हा खेळाडूची पानं किती चांगली याचे बघणाऱ्यांचे अंदाज फसले. फक्त चिप्स, म्हणजे डावात लावायच्या चकत्या, पुढे सरकवणारे हात दाखवले तेव्हा ते थोडे बरे आले. म्हणजे शरीर काहीच बोलत नाही असं नाही, पण ते फार पुटपुटत बोलतं आणि आपण ऐकतो भलतीकडे.

तरीही ‘देहबोलीवरून माणूस ओळखा’ असे वर्ग जोरात चालतात, आणि आता चेहऱ्यावरून खोटेपणा पकडणारी यंत्रंही विकायला येतात. संमतीशिवाय कुणाचीही नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. ही जागा लाभाची आणि त्या जागेवर पान लागत नाही, ही पडवीतली समजूत आणि ती महागडी यंत्रं यांच्यात मला पुराव्याच्या दृष्टीने फारसं अंतर दिसत नाही.

आता मला ज्याचं खरं वेड आहे त्याकडे येतो. १९५० मध्ये हॅरल्ड कून या गणितज्ञाने पोकर पिळून पिळून तीन पानांवर आणलं : राजा, राणी, गुलाम. त्याचा आणखी सोपा केलेला एक प्रसंग आपण पडवीत मांडू. दोघांनी एकेक बी मध्ये ठेवली, म्हणजे डावात दोन बिया. राणी तुमच्याकडे आहे आणि हे तात्यांनाही माहीत आहे. त्यांच्याकडे राजा असेल किंवा गुलाम, शक्यता निम्मी निम्मी. तात्या एक तर आणखी एक बी पुढे टाकतील किंवा गप्प बसतील. गप्प बसले तर पानं उलटायची, मोठं पान जिंकेल. बी टाकली तर तुम्ही एक बी भरून पान बघायचं, नाहीतर पॅक व्हायचं.

तात्यांनी बी टाकली. आता काय करायचं?

तात्या सरळमार्गी असतील, राजा असेल तेव्हाच बी टाकत असतील, तर तुम्ही दरवेळी पॅक व्हाल. बारा डावांत सहा वेळा त्यांना राजा येईल, दर वेळी मधल्या दोन बिया मिळतील. एकूण १२. त्यांनी स्वतः लावलेल्याही १२. हाती शून्य. राजासारखं पान असून फायदा काही नाही, कारण त्यांची बी बघूनच तुम्हाला सगळं कळतं.

म्हणून त्यांना अधूनमधून गुलामावरही बी टाकावी लागते. किती वेळा? बारांतल्या सहा गुलामांपैकी दोनदा, असं धरून बघू. म्हणजे ते एकूण आठ वेळा बी टाकतील, सहा खऱ्या आणि दोन हुली. सुरुवातीला मध्ये ठेवलेली तुमची बी गेलेलीच धरू. तुम्ही आठही वेळा बघितलंत, तर सहा वेळा एकेक बी गमवाल, वजा सहा. दोनदा हूल पकडाल आणि दर वेळी मधल्या दोन व त्यांची एक अशा तीन बिया मिळवाल, अधिक सहा. बेरीज शून्य. आणि एकदाही बघितलं नाहीत तर? तरीही शून्य. तुम्ही काहीही करा, फरक पडत नाही. तात्यांना मात्र दोन्ही प्रकारे बारा डावांत १६ बिया मिळतात, म्हणजे चारचा निव्वळ नफा. कागद घेऊन मोजून पाहा. मी हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. हूल पकडली जाते तेव्हाही तिचं काम झालेलं असतं, कारण तिच्यामुळेच राजाच्या वेळी तुम्ही बी भरता.

त्यांनी दोनाऐवजी चार हुली दिल्या तर? सगळं बघत जा. चार वेळा तीन म्हणजे बारा, वजा सहा, तुम्हाला सहाचा फायदा. कबड्डीत प्रत्येक चढाईला नुसती हूलच देणाऱ्या खेळाडूला कुणी दाद देत नाही, आणि कधीच न देणाऱ्याला सहज घेरतात. प्रमाण नेमकं किती हे डावातल्या बियांवरून ठरतं, तात्यांच्या स्वभावावरून नाही.

तुमच्या बाजूलाही असंच प्रमाण आहे. हूल देताना तात्या एक बी धोक्यात घालून दोन मिळवू बघतात. तीन हुलींपैकी दोन तुम्ही पकडल्यात तर त्यांच्या दोन गेल्या, एक निसटली तर दोन आल्या, हिशेब फिटला. म्हणून राणी घेऊन तुम्ही तिनांत दोन वेळा बघायला हवं, पण कुठल्या दोन वेळा हे तुम्हालाही आधी ठाऊक नको. ठाऊक असेल तर ते कुणीतरी वाचेल. यासाठी घड्याळाचा सेकंदकाटा बघणं हा उत्तम उपाय आहे. काटा ४० च्या आत असेल तर बघायचं, पुढे असेल तर पॅक.

हूल सगळ्यात वाईट पानावर द्यायची, मधल्यावर नाही, हे जॉन फॉन नॉयमन यांनी दाखवून दिलं. त्यांचा १९२८ चा शोधनिबंध आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबतचा १९४४ चा ग्रंथ यांवर खेळांचं हे सगळं गणित उभं आहे. बी टाकणाऱ्याकडे राणी असती तर? राजावाला बघेल, गुलामवाला पॅक होईल. राणीवर बी टाकून काहीच साधत नाही. गुलाम मात्र पानं उलटली तर हरणारच असतो.

खऱ्या टेबलावर हेच तत्त्व, फक्त पानं ५२. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातात दोन आणि मध्ये सर्वांची पाच पानं. दोन पानांच्या जोड्या होतात १३२६. त्यात दोन एक्के येण्याचे प्रकार ६, एक्का-राजा येण्याचे १६. आता एक एक्का तुमच्याच हातात आहे असं समजा. समोरच्याकडे दोन एक्के असण्याचे प्रकार ६ वरून ३ वर आले आणि एक्का-राजाचे १६ वरून १२ वर. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाही, तरी त्याच्या हातातल्या दोन एक्क्यांची निम्मी भीती गेली. मग विचारायचं : पहिल्यापासून तो जसा खेळला, तसा कोणकोणत्या जोड्या घेऊन खेळला असता? डावाइतकीच रक्कम त्याने लावली असेल तर बघायला तिनात एकदा जिंकणं पुरतं. खऱ्या जोड्या १२ आणि हुलीच्या ८ निघाल्या तर बघायचं. ८ ऐवजी ४ निघाल्या तर सोडायचं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पानं असतात, दहा रंगांची प्रत्येकी बारा. तिथेही कुठलं पान पडून गेलं हे ज्याच्या लक्षात, त्याचाच हात वर.

स्पर्धेत आणखी एक गाठ असते. तिथे चिप म्हणजे पैसा नव्हे. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची आशा दुप्पट होत नाही, आणि चिप्स संपल्या की मात्र सगळं संपतं. समजा चौघे उरलेत, तिघांना सारखंच बक्षीस आहे, एकाजवळ जेमतेम दोन चिप्स उरल्यात, आणि सगळ्यात मोठ्या ढिगाच्या खेळाडूने तुमच्यापुढे सगळं लावलंय. हातात दोन एक्के असले तरी सोडावे. कुठल्याही दोन पानांविरुद्ध एक्क्यांची जोडी साधारण ८५ टक्के वेळा जिंकते, पण थांबलात तर बक्षीस याहून खात्रीचं आहे. ही किंमत काढायची जी पद्धत पोकरमध्ये चालते, तिचं सूत्र डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीच्या संदर्भात मांडलं होतं : तुमच्या चिप्सना एकूण चिप्सनी भागलं की पहिलं येण्याची शक्यता, मग विजेत्याला वगळून उरलेल्यांत पुन्हा तेच, असं शेवटच्या बक्षिसापर्यंत.

चेहरा लागत नाही याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा यंत्रांनी दिला. २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठात मायकेल बोलिंग यांच्या गटाने दोघांच्या, मर्यादित रकमेच्या होल्डेमचं कोडं जवळपास पूर्ण सोडवलं. त्यांची पद्धत मला फार आवडते. तिचं नाव पस्ताव्यावरून पडलंय. यंत्र स्वतःशीच खेळतं आणि दर वेळी विचारतं, ‘दुसरी चाल केली असती तर किती जास्त मिळालं असतं?’ जी चाल न केल्याचा पस्तावा जास्त, ती पुढच्या वेळी जास्त वेळा. असं असंख्य वेळा केलं की हुलीचं योग्य प्रमाण आपोआप सापडतं, हूल द्यायची असं त्याला कुणी सांगावं लागत नाही. २०१७ मध्ये नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांच्या लिब्राटस या संगणक-प्रणालीने वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्याला कॅमेरा नव्हता.

हे सारं कळलं म्हणून गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जाऊन कुणी श्रीमंत होणार नाही. तिथल्या बहुतेक खेळांत गणित कॅसिनोच्या बाजूला झुकवलेलं असतं, आणि पैशांचे ऑनलाइन खेळ तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदच केलेत. आमच्या बिया आम्हाला पुरतात.

सुट्टीच्या शेवटच्या रात्री पुतण्याच्या हातात राणी होती. तात्यांनी एक बी पुढे सरकवली आणि नेहमीप्रमाणे पानाची डबी काढली. पोराने त्यांच्याकडे बघितलं नाही. कंदिलाजवळ मनगट नेलं. काटा ३४ वर होता. त्याने बी टाकली आणि तात्यांनी राजा उलटला.

“बरोबर खेळलंस,” तात्या म्हणाले, “पिस आता.”