टेबलावरचा रणगाडा: माल बदलला तशी रंगवण्याची रीत बदलली

एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम छापले, त्यात रणगाडा नाही. असणार तरी कुठून? खरा रणगाडाच लढाईत उतरला सप्टेंबर १९१६ मध्ये, सोमच्या आघाडीवर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने जवानांना वाहनं ओळखता यावीत म्हणून १:१०८ च्या, म्हणजे खऱ्याच्या एकशे आठाव्या हिश्श्याच्या, छोट्या प्रतिकृती वापरल्या. पुढे ऑस्ट्रियाच्या रोकोने १:८७ चे मिनिटँक्स आणले, ब्रिटनच्या एअरफिक्सने १:७६ ची किट्स. दोन्ही प्रमाणं खेळण्यातल्या रेल्वेवरून आलेली.

एअरफिक्सचा सांगाडा पॉलिस्टायरीनचा. त्याचं सिमेंट म्हणजे चिकटवणारा गोंद नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. म्हणून थेंबभरच लावायचं, नाहीतर रिव्हेट्स वितळून सपाट होतात. खरी डोकेदुखी चाकांभोवतीच्या पट्ट्यांची. ते मऊ, लवचीक प्लॅस्टिकचे. सिमेंट त्यांना धरत नाही. टोकाच्या खुंट्या भोकांत घालून तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने दाबायच्या. रंगही पापुद्र्यासारखा सुटतो. आधी साबणाने धुऊन पातळ फेविकॉलचा हात दिला तर बराच टिकतो, पण चाकांवरच्या वळणाला तडे जातातच.

जपानच्या तामियाचं १:३५ हे प्रमाण ठरलं ते मोटरवर चालणाऱ्या पँथरमध्ये बॅटऱ्या मावाव्यात म्हणून. युद्धखेळाला ते फारच मोठं.

वॉरहॅमर ४०,००० या विज्ञानकथेच्या धर्तीच्या युद्धखेळाची ऱ्हायनो ही चिलखती गाडी १९८८ मध्ये आली, एका खोक्यात तीन. त्यामुळे चिलखती गाड्यांची तुकडी उभी करणं पोरांच्या खिशाला परवडू लागलं. न्यूझीलंडच्या बॅटलफ्रंटने २००० नंतर १:१०० मध्ये दुसरी वाट धरली: रेझिनचा सांगाडा, पांढऱ्या धातूचे (कथिलाच्या मिश्रधातूचे) पट्टे आणि तोफ. इथे सिमेंट निरुपयोगी, सुपरग्लूच हवा. साच्याचा तेलकट थर कोमट साबणाच्या पाण्याने धुतला नाही तर प्रायमर सोलून निघतो. वाकलेला सांगाडा गरम पाण्यात मऊ करून सपाट फरशीवर दाबायचा. घासताना ओला पॉलिश पेपर आणि मास्क. ती धूळ फुप्फुसाला वाईट. तोफेच्या फिरत्या मनोऱ्याला ३ मिमीचे चुंबक बसवले की वाहतुकीत तोफ मोडत नाही.

दुसऱ्या महायुद्धावरच्या बोल्ट ॲक्शन या खेळामुळे १:५६ रुळलं. २८ मिमीचे शिपाई जाड बैठकीवर उभे असल्याने त्यांच्याशेजारी हा रणगाडा किरकोळ दिसतो, म्हणून काही जण १:४८ घेतात. आमच्या मते प्रमाण कोणतंही घ्या, एका सैन्यात दोन नकोत.

रंगांतही माल बदलला तशी रीत बदलली. हम्ब्रोलचा एनॅमल वाळायला तासन् तास लागायचे. पाण्याचा ॲक्रिलिक अर्ध्या तासात हाताला लागत नाही. ॲक्रिलिकवर पांढऱ्या स्पिरिटमधला ऑइल वॉश (खाचांत उतरणारा पातळ तैलरंग) चालतो, कारण स्पिरिट वाळलेल्या ॲक्रिलिकला विरघळवत नाही. उठावदार रिव्हेट्सवर ड्राय ब्रश (जवळपास कोरडा ब्रश हलके फिरवणं) कामी येतो, गुळगुळीत पत्र्यावर मात्र खडूसारखे ओरखडे उमटतात. छोट्या मॉडेलवर मूळ छटा काळपट दिसते, म्हणून चार भागांत एक भाग बफ (फिकट पिवळसर रंग) मिसळा. शेवटी वॉर्निश हवंच, खेळताना बोटं लागतात. पण दमट हवेत फवारलं तर मॅट थर पांढरा पडतो.

आता घरोघरी रेझिन प्रिंटर आलेत. तिथला नवा घोटाळा म्हणजे पोकळ सांगाड्यात अडकलेलं कच्चं रेझिन. ते काही महिन्यांनी झिरपून रंग फोडतं. तळाला दोन निचऱ्याची भोकं ठेवा, आतून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच आतूनही अतिनील प्रकाश द्या.