इंदुरातून मराठी साप्ताहिक काढताय? सरकारी जाहिरातींसाठी काय काय लागतं ते आधी वाचा

परवा रामबागेतले एक काका पिशवीभर अंक घेऊन घरी आले, म्हणाले छोट्या पेपरांना सरकार सबसिडी देतं म्हणे, फॉर्म कुठे भरायचा? हा प्रश्न मला सारखा येतो म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय. पेपर काढला की खात्यात पैसे जमा, अशी थेट सबसिडी केंद्र सरकारची नाही. आधार मिळतो तो दोन वाटांनी, एक सरकारी जाहिराती आणि दुसरी पोस्टाचा स्वस्त दर, आणि दोन्हीसाठी नोंदणी पक्की लागते.

तर आधी नोंदणी. वृत्तपत्र नोंदणीचा 1867 चा जुना कायदा गेला, 1 मार्च 2024 पासून 2023 चा नवा कायदा लागू आहे, आणि पेपरांची नोंदणी करणारं केंद्राचं कार्यालय, आपण ज्याला आरएनआय म्हणायचो, त्याचं नाव आता पीआरजीआय. पूर्वी डिक्लेरेशनसाठी, म्हणजे पेपर काढण्याच्या घोषणापत्रासाठी, कलेक्टर ऑफिसात किती चकरा व्हायच्या ते ज्यांनी मारल्यात त्यांनाच माहीत, आता टायटल आणि नोंदणीचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच करायचा, कलेक्टरकडे तो ऑनलाइनच जातो आणि त्यांना अभिप्रायासाठी 60 दिवस असतात. आधार, पॅन वगैरे लागतंच, पण नाव सगळीकडे अक्षरन् अक्षर सारखं आहे ना ते बघा. आधारवर दत्तात्रय आणि पॅनवर दत्तात्रेय असेल तर आधी ते दुरुस्त करा, मगच अर्जाला हात लावा.

आता जाहिराती. केंद्राच्या जाहिराती सीबीसी (सेंट्रल ब्युरो ऑफ कम्युनिकेशन) हे सरकारी कार्यालय देतं, म्हणजे जुनं डीएव्हीपी. त्यांच्या पॅनलवर, म्हणजे जाहिराती मिळणाऱ्या पेपरांच्या यादीत, यायला पेपर सलग 36 महिने नियमित निघालेला हवा. उर्दू, सिंधी, संस्कृत, कोंकणी अशा काही भाषांना यात सूट आहे, मराठीला नाही, आणि महाराष्ट्राबाहेर मराठी पेपर चालवणं किती कठीण आहे ते बघता मला हे मनापासून खटकतं, पण नियम तो नियम. खप किमान 2000 प्रती हवा. 25,000 पर्यंत खप असेल तर तुम्ही लघु वृत्तपत्रात मोडता आणि सीएचं सर्टिफिकेट चालतं, त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या सर्टिफिकेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असायलाच पाहिजे. सीए नुसती सही करत नाही, छपाईची बिलं, कागदाची बिलं, बँकेचं स्टेटमेंट सगळं मागतो, म्हणून प्रेसवाल्याकडून दर अंकाचं बिल तिथल्या तिथे घेत जा, त्यावर प्रतींचा आकडा लिहिलेला हवा.

आकाराचीही अट आहे आणि इथेच आपली मंडळी अडकतात. साप्ताहिक आणि पाक्षिकाला एकूण छापील भाग किमान 3500 चौरस सेंटिमीटर लागतो, मासिकाला 4800. काकांचा अंक चार पानी ए-फोर, मी पट्टी घेऊन मोजला, एका पानावर 18 बाय 25.5 म्हणजे 459, चार पानं मिळून 1836. निम्म्याच्या जरा वर! तीच पानं आठ केली की 3672 होतात आणि काम भागतं, काकांना तिथेच हिशोब करून दिला.

नियमितपणाचं तर मी स्वतः भोगलंय. एका दिवाळीत हौसेनं दोन अंकांचा जोडअंक काढला, अंक देखणा झाला, लोकांनी कौतुक केलं, पण पुढे फाईल तपासताना एक अंक कमी दिसला आणि आमचे 36 महिने परत पहिल्यापासून मोजावे लागले. तेव्हा दिवाळी अंक काढायचा असेल तर खुशाल काढा, पण ठरलेला अंक चुकवू नका. प्रत्येक अंकाची एक प्रत 48 तासांच्या आत पीआयबीत, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयात, पोचवा आणि पोच घ्या, ती पोचच पुढे पुरावा असतो. वार्षिक विवरणही दरवर्षी पोर्टलवर भरायचं.

सीबीसीचे अर्ज बारा महिने सुरू नसतात, ठराविक मुदतीतच घेतात, त्यामुळे कागदं आधीच तयार ठेवा. मेहनत वाया जात नाही, नोव्हेंबर 2025 मध्ये छापील जाहिरातींचे दर 26 टक्क्यांनी वाढले, दैनिकाच्या एक लाख प्रतींना काळ्यापांढऱ्या जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरला 47.40 वरून 59.68 रुपये झाला. आपला खप लहान म्हणून आपला दरही लहान, तरी प्रेसचं बिल निघायला हातभार लागतो. राज्य सरकारच्या जाहिराती मात्र वेगळ्या, त्या जनसंपर्क विभागाकडे, त्याची फाईल वेगळी करा आणि अर्ज हिंदीत लिहा.

राहिलं पोस्ट. वर्षानुवर्षं नोंदणीकृत पेपरला 50 ग्रॅमपर्यंत 25 पैसे असा दर चालत आला, अट अशी की अंक 31 दिवसांच्या आत निघायला हवा आणि वर्गणीदारांची यादी खरी हवी. जून 2024 पासून पोस्टाचाही नवा कायदा आलाय, त्यामुळे जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टात, जाऊन आजचा दर आणि फॉर्म विचारून घ्या. यादी पत्त्यांसकट आणि वर्गणीच्या पावत्यांसकट न्या, काकांची यादी एका जुन्या वहीत आहे, ती टाईप करायला या रविवारी आम्ही दोघं बसतोय.