साखळीच्या जुन्या ट्रॅक्टरला मागे लिफ्ट का नव्हती?

जुना क्रॉलर, म्हणजे साखळीचा ट्रॅक्टर, मेहनतीने चालू केला की पुढची इच्छा ठरलेली असते: याच्या मागे नांगर किंवा कल्टिव्हेटर थेट जोडता आला तर! पण 1938 ते 1957 या काळात बनलेला कॅटरपिलर डी2 पाहिला, तर मागे असतो तो ओढण्याचा ड्रॉबार. अवजार उचलून धरणारी वरची एक दांडी (टॉप लिंक) आणि खालच्या दोन दांड्या (लोअर लिंक) त्याला मुळात दिलेल्याच नव्हत्या. त्यामागचं कारण समजून घेतल्याशिवाय वेल्डिंग मशीन हातात घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तीन बिंदूंची ही जोडणी, म्हणजे थ्री पॉइंट, जन्मली ती चाकाच्या हलक्या ट्रॅक्टरचं दुखणं बरं करण्यासाठी. फोर्डसन या चाकाच्या ट्रॅक्टरमागे ओढला जाणारा नांगर दगडात किंवा झाडाच्या मुळात अडकला, की मागची चाकं जागीच थांबत. इंजिनाचा जोर मात्र सुरूच असे. मग ट्रॅक्टरचं तोंड वर उठे आणि तो चालकावर उलटे. त्यात माणसं मेली. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने यावर वर्षानुवर्षं डोकं लावलं आणि 1925 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या रचनेत नांगर अडला की लोअर लिंकवर ताण येतो, पण टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि तोंड खालीच राहतं. नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरचीही पकड वाढते. टॉप लिंकवरच्या याच दाबावरून लिफ्टची हायड्रोलिक यंत्रणा नांगराची खोली सांभाळते. 1938 मध्ये फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी केवळ हात मिळवून करार केला आणि 1939 मध्ये फोर्ड 9एन बाजारात आला. आज आपल्या शिवारात रोटाव्हेटर उचलणारी लिफ्ट याच घराण्यातली.

क्रॉलरला हे दुखणं नव्हतंच. बेंजामिन होल्टने 1904 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळ साखळीचं यंत्र चालवून पाहिलं, ते चाकं रुतणाऱ्या भुसभुशीत जमिनीसाठी. साखळीच्या लांब पट्ट्यावर वजन पसरतं, पकड भरपूर मिळते. नांगराचं वजन उसनं घ्यायची त्याला गरज काय? शिवाय फर्ग्युसनच्या पेटंटांमुळे इतर कंपन्या बराच काळ आपापल्या वेगळ्या जोडण्या काढत राहिल्या.

तरी छोट्या क्रॉलरकडून शेतकऱ्याची अपेक्षा वाढली. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाच्या उतारावरच्या फळबागांसाठी लिंडमन कंपनी जॉन डिअरच्या बीओ ट्रॅक्टरला साखळ्या बसवून देई. जॉन डिअरने पुढे ती कंपनीच विकत घेतली आणि 1949 मध्ये एमसी हा क्रॉलर आणला. त्यानंतरच्या 40सीवर मात्र थ्री पॉइंट मिळू लागली. म्हणजे जोडणी अशक्य नव्हती, फक्त ती यंत्राच्या चालीशी जुळवावी लागे.

खरी अडचण वळताना येते. चाकाचा ट्रॅक्टर पुढून वळतो, अवजार मागोमाग येतं. क्रॉलर एका बाजूचा पट्टा थांबवून वळतो, त्यामुळे त्याचं शेपूट उलट्या दिशेला झटकन सरकतं. जमिनीत रुतलेलं अवजार तेव्हा आडवं ढकललं जातं आणि तो झटका लोअर लिंकमधून ट्रॅक्टरच्या मागच्या घरापर्यंत, म्हणजे मागच्या ओतीव पेटीपर्यंत (हाउसिंग), पोचतो. डावी-उजवीकडे फिरणारा ड्रॉबार ठेवण्यामागे हेही कारण होतं. म्हणून वळण्याआधी अवजार पूर्ण वर घ्यायचं, आणि लिंकना थोडी आडवी हालचाल मोकळी ठेवायची. जड अवजार उचललं की पट्ट्याच्या मागच्या टोकावर भार एकवटतो, तेव्हा पुढे वजन लावावं लागतं. ब्रॅकेट मागच्या घराच्या मूळ बोल्टांवरच बसवावं. बिडाच्या त्या जुन्या ओतकामावर वेल्डिंग केलं तर ते तडकण्याची भीती असते, आणि तसं दुसरं घर आता सहज मिळत नाही.