काचेतलं लेकरू आणि टिचकीचा आवाज

‘लेकरू काचेत ठेवलंय.’ परभणी-हिंगोलीकडं अपुऱ्या दिवसांच्या बाळाची खबर अशीच पोचते. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, बाहेरच्या गलक्यातून तरी सुटलं. मलाही तसंच वाटायचं.

पण ही काचेची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, आतून ढोलकीसारखी वागते. पातळ, कडक भिंती आणि मधे कोंडलेली हवा. कुणी वर टिचकी मारली, औषधाची बाटली ठेवली किंवा हात घालायची खिडकी धाडकन लावली, की भिंत थरथरते आणि आवाज आतल्या आत आपटत राहतो. खिडकीचा असा आवाज 80 डेसिबलच्याही वर जातो. अतिदक्षता कक्षात 45 च्या वरचा आवाज चिंतेचा, असं अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1997 मध्ये म्हटलंय. 45 आणि 85, म्हणजे जेमतेम दुप्पट? छे! डेसिबलमध्ये दर 10 ला तीव्रता दहापट होते. 40 चा फरक म्हणजे चार वेळा दहानं गुणायचं, 10,000 पट!

पोटात असताना याच कानांवर आईचे ठोके आणि तिचा आवाज येत होता, तोही जाड पडद्याआडून. तीक्ष्ण आवाज वाटेतच गाळले जायचे. आता दचकलं की बाळाचा श्वास अडखळतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, रक्तदाब हेलकावतो. 32 आठवड्यांआधी जन्मलेल्यांच्या मेंदूत, पोकळ्यांच्या कडेला, फार नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि रक्तप्रवाह आपला आपण सावरण्याची यंत्रणा कच्ची असते. असे हेलकावे तिथं परवडत नाहीत.

‘सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’ हे मात्र साफ खोटं. पोटात जास्त दिवस काढलेलं बाळ जास्त तगतं. आणि ‘संस्कारा’साठी पेटीत मोबाईलवर मंत्र लावू नका, तोही गोंगाटच.

अलार्म लगेच बंद करणं, पेटीवर जाड कापड टाकणं, तपासण्या एकदमच उरकून मग झोपू देणं, याला पैसा लागत नाही. कांगारू पद्धतीलाही नाही, म्हणजे बाळ उघड्या छातीशी धरून ठेवायला. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात पेट्या कमी पडल्या म्हणून ती सुरू झाली. 2021 मध्ये भारतासह पाच देशांतल्या चाचणीचा निकाल आला: 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी धरल्यावर 28 दिवसांतले मृत्यू शंभरात 15.7 वरून 12 वर आले. सिझरमुळं आई उठू शकत नसेल तर आजी, आत्या, बापही चालतो. बाळ उघड्या छातीला उभं लावायचं, वरून लुगडं गुंडाळायचं, आणि आजीनं बांगड्या आधी काढून ठेवायच्या.