राज्यसभेतला महाराष्ट्र : एकच मतदारसंघ, 19 जागा

लोकसभेसाठी महाराष्ट्राचे 48 मतदारसंघ आहेत, राज्यसभेसाठी अख्खं राज्य मिळून एकच. मतदार म्हणजे विधानसभेचे 288 निवडून आलेले आमदार. 1946 मध्ये प्रांतिक विधानसभांनी संविधान सभा निवडली, तीही एकल संक्रमणीय मतानेच : मत एकच, पण त्यावर उमेदवारांचा पसंतीक्रम लिहायचा, आणि गरज पडली तर ते पुढच्या पसंतीकडे वळतं. पुढे कलम 80 मध्ये राज्यसभेलाही तीच पद्धत लागू झाली. 1 मे 1960 ला द्वैभाषिक मुंबई राज्य विभागलं गेलं, तेव्हा महाराष्ट्राला 19 आणि गुजरातला 11 जागा मिळाल्या. महाराष्ट्राच्या त्या आजही 19 च आहेत.

या 19 जागा एकदम भरत नाहीत. दर दोन वर्षांनी 7, 6, 6 अशा पाळीने रिकाम्या होतात, आणि सगळं गणित या आकड्यावर फिरतं. प्रत्येक वैध मताचं मूल्य 100 धरायचं, बेरजेला जागांपेक्षा एकने जास्त आकड्याने भागायचं, अपूर्णांक सोडून 1 मिळवायचा. हा झाला कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारं किमान मूल्य. सगळ्या 288 जणांनी मतदान केलं तर 7 जागांना कोटा 3601, म्हणजे 37 आमदार पुरतात. 6 जागांना 4115, म्हणजे 42 लागतात.

जून 2022 ची निवडणूक समजून घेण्यासारखी आहे. 6 जागा, 7 उमेदवार, 284 वैध मतं, कोटा 4058. पहिल्या पसंतीत शिवसेनेच्या संजय पवारांना 33 आणि भाजपच्या धनंजय महाडिकांना 27 मतं. तरीही निवडून आले महाडिक. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी 48 मतं मिळाली होती. कोट्यावरचं मूल्य दुसऱ्या पसंतीप्रमाणे महाडिकांकडे वळलं आणि त्यांच्या खात्यात 14 हून जास्त मतांची भर पडली. पसंतीक्रम कुणी कुणाला लिहायचा हे आधी आखून दिल्याशिवाय असं घडत नाही.

पूर्वी हे मतदान गुप्त असे आणि घोडेबाजाराला मोकळं रान मिळे. 2003 च्या दुरुस्तीने ते खुलं झालं. आता आमदाराने मतपत्रिका फक्त स्वतःच्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची. दाखवली नाही किंवा दुसऱ्याला दाखवली तर मत बाद. लिहायचं तेही आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच. ‘1’ हा आकडा नसेल किंवा दोन नावांपुढे असेल, तरी मत गेलंच. पुढच्या पसंत्या मात्र ऐच्छिक आहेत.

अनेक जागा एकत्र भरल्या तरच छोट्या पक्षाला वाटा मिळतो. 2019 मध्ये गुजरातच्या दोन रिकाम्या जागांसाठी दोन वेगळ्या पोटनिवडणुका झाल्या. एकत्र घेतल्या असत्या, तर एक तृतीयांशाहून थोडी जास्त मतं एका जागेला पुरली असती. वेगळ्या घेतल्याने दर जागेला निम्म्याहून जास्त लागली आणि दोन्ही सत्ताधारी भाजपला गेल्या. गोव्यात तर नेहमीच असं होतं : 40 आमदार, जागा एकच, आणि 21 मतं असतील त्याची.