पार्श्वभूमी : वाड्यातून सुटलेले हत्ती-पोपट

सातारा-सांगलीकडच्या जुन्या इमारतींवरची जनावरं काही पाथरवटांनी कोरलेली, काही सुतारांनी. देवळाच्या पायथ्याची हत्तींची रांग आणि उंबऱ्यावरचं कीर्तिमुख (राक्षसी सिंहमुख) फार आधीपासूनचं. वाडे पाडताना त्यांतलं कोरीव लाकूड सुटं होऊन विकलं जातं, त्यावरचा सध्याचा वाद मात्र 18व्या शतकापासून पुढच्या कामाचा आहे.

सातारा राजधानी झाल्यावर भोवतालच्या गावांत पैसा खेळू लागला. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर 1719 ते 1724 या काळातली. शेतीच्या पाण्यासाठी खोदलेली, तरी तिथे शरभ (सिंहासारखा काल्पनिक पशू) आणि हत्ती कोरून घेतलेच. वाईत काशीविश्वेश्वराच्या देवळापुढचा (1757) काळ्या दगडाचा नंदी घासून गुळगुळीत केलेला आहे आणि त्याच्या गळ्यातले दागिने बारकाईने कोरलेत. तिथल्याच ढोल्या गणपतीच्या देवळाची (1762) मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून बाजूने जावं म्हणून. शोभेपेक्षा उपयोगाचा असा प्राणी विरळाच.

दगडाचं काम बहुतेक जागच्या जागी राहिलं. पांगलं ते लाकूड. वाड्यात खांबाच्या डोक्यावर तुळईला आधार देणारे हस्त असतात. त्यांवर पोपट, मोर, कधी व्याल, म्हणजे अनेक प्राण्यांचे अवयव जोडलेला काल्पनिक पशू. 1848 ला साताऱ्याचं राज्य खालसा झालं, दरबारी आश्रय आटला, तरी सावकार-सरदारांच्या घरी हे काम बराच काळ चालू होतं. पुढे वाटण्या, भाडेकरू, वाळवी. मग वाडा पाडून फ्लॅट.

खरा गुंता आहे 1972 च्या पुरावशेष कायद्यात. शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी झालेली वस्तू हा कायदा पुरावशेष मानतो. म्हणजे पोपटाचा हस्त खांबावर आहे तोवर तो घराचाच भाग, मालकाची मर्जी. पहारीने उचकटून अंगणात ठेवला की तोच पुरावशेष ठरतो. मग कोरीव लाकडाची नोंदणी आली, व्यापार करणाऱ्याला परवाना आला, परदेशी नेण्यावर बंदी आली. वाडा मात्र अखंड असताना विकायला किंवा पाडायला या कायद्याची आडकाठी नाही. पाडणं रोखायचं तर त्याचं नाव वारसा यादीत हवं. गल्लीबोळातल्या खासगी वाड्यांची नावं अशा यादीत चढवायची तर मालकच आधी हरकत घेतो, कारण एकदा नाव चढलं की बांधकामावर बंधनं येतात. मालकाची बाजू समजते. दुरुस्तीचा खर्च कुणी देत नाही. पण मग पाडकामाचा ठेका घेणारा 'जुनं लाकूड' म्हणून सगळं एकगठ्ठा उचलतो. त्यात वासे असतात, तुळया असतात आणि मोरही असतात. सागवान घनफुटावर मोजलं जातं. मोराचे निराळे पैसे मूळ मालकाला क्वचितच मिळतात. तेच हस्त पुढे रिसॉर्टच्या स्वागतकक्षात भिंतीला ठोकलेले दिसतात, डोक्यावर कसलाही भार नसलेले.

सिमेंट आल्यावर जनावरं फाटकाच्या खांबांवर सरकली. बंगल्यापुढे समोरासमोर बसलेले दोन सिंह, साच्यातून काढलेले, सोनेरी रंगाचे. आता फायबरचेही मिळतात. जुन्या दगडी मूर्तींवरही तोच ऑइलपेंट चढवायची हौस आहे, आणि त्याखाली छिन्नीच्या बारीक रेघा बुजून जातात. त्याबद्दल ओरड फारशी होत नाही, कारण रंग देणारे भक्तच असतात.